एका चहाला एक आटा

आबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण ते गेले त्या आठवड्यात आमच्या घरी जे लोक बसायला आले, त्यांनी मला ज्या गोंधळात टाकलं त्यातून मी अजून बाहेर आलेलो नाही.

एक म्हातारी पदराला डोळे पुसत म्हणाली, "लई हसवायचे बघ तुझे वडील. सकाळी गल्लीत आले की हसून हसून पोट दुखायचं."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. एक सकाळ सोडली तर असले आबा मी पाहिले नव्हते; म्हातारी घर चुकली असावी. आमच्या आबांना हसताना मी उभ्या जन्मात तीनदा पाहिलं असेल, आणि त्यातल्या दोनदा मी तोंडावर पडलो होतो. तिच्यामागून एक गृहस्थ आले. ते म्हणाले, "कडक माणूस. डोळ्याला डोळा भिडवायची आमची टाप नव्हती." तिसरे तर म्हणाले, "अन् गाणं काय म्हणायचे हो!" मी आईकडे पाहिलं. आई खाली मान घालून बसली होती. गाणं? आमचे आबा?

घरातले आबा दिवसाकाठी पंधरा-वीस वाक्यं बोलत, आणि त्यातली निम्मी भाकरीबद्दल असत. पहाटे चारला उठून ते स्वतः चूल पेटवायचे, का, तर आईला अर्धा तास जास्त झोप मिळावी. मग ड्यूटी. अकराला परत. दुपारी लोकांच्या घरचे गळके नळ दुरुस्त करायचे. रविवारी एसटीनं फुलंब्रीकडं, गावी, भावाच्या शेतात राबायला, आणि येताना खांद्यावर ज्वारीचं नाहीतर भाजीचं पोतं. आईच्या हाताला संधिवात होता, म्हणून माझ्या दोन्ही बहिणींच्या वेण्या आबाच घालत. जो माणूस दिवसभर लोखंड पिळतो त्यानं घातलेली वेणी कशी असेल? बहिणींचे डोळे दुपारपर्यंत कानाकडं ओढलेले असायचे. पण वेणी दोन दिवस सुटत नसे. हे सगळं ते मुकाट्यानं करत, आणि ते मुकेपण म्हणजेच आबा, अशी माझी समजूत.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आबा गाव सोडून औरंगाबादेत आले आणि पाणीखात्यात लागले. काम ऐकायला सोपं. गल्लोगल्ली रस्त्याखाली व्हॉल्व्ह बसवलेले असत. आम्ही त्याला वॉल म्हणायचो. लोखंडी झाकण उचलायचं, छातीएवढी उंच लोखंडी चावी आत बसवायची आणि वॉल फिरवून गल्लीला पाणी सोडायचं. एक पूर्ण फेरा म्हणजे एक आटा. आबांच्या हाताखाली पाच गल्ल्या होत्या, टेकाडावरून खाली उतरत गेलेल्या. पाणी एक दिवसाआड, तेही टाकीत असेल तोवर, आणि टाकी एकच. वरच्या गल्लीला आटे जास्त दिले की खालच्या गल्लीचे नळ नुसते सुस्कारे टाकतात. कोणाला किती आटे, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. ते आबांच्या मनगटात होतं.

मी तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि मला समतेची बाधा झालेली होती. म्हणजे आम्ही चार मित्र एका हॉटेलात बसून जातिधर्म मोडीत काढायचो आणि कपबशा पोऱ्यानं उचलायच्या. असल्या दिवसांत, ईदच्या सकाळी, एका फॉर्मावर सही घ्यायला मी आबांना शोधत शेवटच्या गल्लीत गेलो. तिथं एक टांगेवाला राहायचा. तो हातात सरबताचा ग्लास घेऊन आबांसमोर उभा होता.

"मामू, आज तो पीना पडता."

आबांनी हात जोडले. "नक्को भाई. माफी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझा बाप मुसलमानाच्या घरचं पाणी पीत नाही! त्या रात्री जेवताना मी भाषण ठोकलं. चांगलं वीस मिनिटांचं. माणुसकी, नवा समाज, जुनाट मनं, सगळं आलं त्यात. बहिणी घास हातात धरून ऐकत होत्या. आबा जेवत होते. मी संपवल्यावर त्यांनी ताट पुढं सरकवलं आणि आईला म्हणाले, "अर्धी भाकर वाढ. अन् कोरड्यास दे थोडं."

गुन्हा कबूल आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

पुढं दोन-तीन महिन्यांनी आबांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. टाके ताजे, घरी पडून. त्यांच्या गल्ल्या त्यांच्या जोडीदाराकडं दिल्या होत्या. तो फुलंब्रीहून रोज एसटीनं यायचा. एका सकाळी सहा वाजता त्याचा निरोप आला की रात्री म्हैस अडली, येणं होत नाही. आबा उठून बसले आणि चावीकडं हात करू लागले. आई दारात आडवी उभी राहिली.

"टाके उसवले तर कोण शिवंल? मी?"

"आज टांगेवाल्याच्या पोरीचं लगीन हाय," आबा म्हणाले. "दीडशे माणूस जेवायचंय. दहाच्या आत पाणी येईल म्हणून म्या शब्द दिलाय."

इतकं लांब वाक्य त्यांनी घरात बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. मला एकदम स्फुरण चढलं. "मी जातो!"

आबांनी माझ्याकडं पाहिलं. असं पाहणं मी पुढं फक्त एकदा अनुभवलं, मोटार चालवायच्या परीक्षेला.

"वरच्या गल्लीला चार आटे. तिच्या खालचीला पाच. चिंचेच्या गल्लीला सात. मशिदीमागं नऊ. शेवटची पूर्ण खोल. ध्यानात ऱ्हाईल?"

"आबा, मी बी.ए.ला आहे."

"म्हणून तर इचारलं." मग ते आणखी काहीतरी सांगणार होते. "अन् एक..." म्हणाले, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि थांबले. "जाऊ दे. तुला पटायचं नाय."

मी सायकलला चावी बांधून निघालो.

वरच्या गल्लीत झाकण उचलायलाच मला दहा मिनिटं लागली. चार आटे दिले तोवर एक काकू फाटकात आल्या. बंगला, मागं बाग, गुलाबाच्या कुंड्या.

"आबांचा मुलगा का तू? अगं बाई, घामाघूम झालास. चहा घे. आबा कधी घेत नाहीत हो, पाणीसुद्धा नाही. तू तरी घे."

मी चक्रावलो. इथंसुद्धा घेत नाहीत? ही काकू तर आमच्याच पावण्यारावळ्यांतली. माझ्या सिद्धांताला इथं पहिला तडा गेला. पण सिद्धांत नवा होता, इतक्यात टाकून द्यायला जीव होईना. आबा लाजत असतील, असं म्हणून मी चहा घेतला. आल्याचा, दाट. कप ठेवताना काकू म्हणाल्या, "पाणी जरा बारीकच येतं बघ. गुलाब वाळले. आबांना म्हटलं तर ऐकूनच घेत नाहीत."

आता तुम्हीच सांगा. ज्या बाईचा चहा अजून घशाखाली उतरतोय, तिला नाही कसं म्हणायचं? मी एक आटा दिला. एकानं काय होतं?

दुसऱ्या गल्लीत दोन घरांनी धरलं. एका घरी चहा, एका घरी पोहे आणि चहा. तिथंही तेच, "आबा काही घेत नाहीत." तिथंही मी गोंधळलो आणि तिथंही प्यायलो. पोह्यांचा वेगळा आटा द्यावा की चहातच धरावा, याचा मी क्षणभर विचार केला आणि उदारपणे वेगळा दिला. चिंचेच्या गल्लीत ताक मिळालं. ताक देणारी आजी म्हणाली, "बापापरीस पोरगं गुणाचं हाय." हे वाक्य मला आयुष्यात कुणी म्हटलं नव्हतं. मी दोन आटे दिले.

मशिदीमागच्या गल्लीत तर मी तयारीनिशी गेलो. इथं घराण्याचा कलंक धुवायचा होता. ओट्यावर बसलेल्या एका चाचांनी हाक मारली.

"ओ मामू के बेटे! चाय पीको जाव."

"देव ना चाचा!"

"तुम पीते? मामू तो हमारे यहाँ पानी बी नै पीते."

"माहीत आहे मला," मी खाली मान घालून म्हणालो आणि दोन कप प्यायलो. एक माझा, एक आबांच्या वतीनं प्रायश्चित्ताचा. मग नऊचे बारा आटे केले. चाचा खूश, मी खूश. पोट भरल्या घागरीसारखं गच्च झालं होतं आणि चालताना आत चहा डुचमळल्याचा आवाज येत होता. पण मनात एकच, की जे काम आबांना पंचवीस वर्षांत जमलं नाही ते मी एका सकाळी केलं. पाच गल्ल्यांची मनं जोडली.

पाच नव्हे. चारच. पाचवीचा वॉल मी पूर्ण खोलला आणि वाट पाहिली.

नळ खाकरला. एक लांब सुस्कारा टाकला. गप्प झाला.

साडेनऊ वाजले होते. टांगेवाल्याच्या अंगणात मांडव होता, कागदी पताका होत्या, तीन दगडांच्या चुलींवर दोन मोठ्या डेगा होत्या, आणि दोन्ही कोरड्या. दालच्याची तूरडाळ आणि तांदूळ पोत्यांतच होते. बावर्ची उलट्या बादलीवर बसून विडी ओढत होता. बायका घागरी घेऊन नळाकडं तोंड करून रांगेत उभ्या, जणू नळच नवरदेव. घरात कुठंतरी नवरीच्या मेंदीभरल्या हातांवरून कुणीतरी कुणाला ओरडत होतं. मी नळाची तोटी उघडली, बंद केली, उघडली, वाकून आत पाहिलं. आत काळोख.

"क्या बावा," बावर्ची म्हणाला, "दालचा सुक्का बनाऊं क्या आज?"

कुणी हसलं नाही. टांगेवाला पुढं आला. अंगावर नवा कुर्ता, त्याची घडी अजून मोडली नव्हती. मला वाटलं, आता कानाखाली बसणार. त्यानं फक्त विचारलं, "मामू किधर हैं?"

"घरी. टाके घातलेत."

त्यानं माझ्याकडं पुन्हा पाहिलंसुद्धा नाही. लग्नासाठी सजवलेली घोडी, कपाळावर लाल तुरा, गळ्यात घुंगरं, तिला टांग्याला जुंपलं आणि निघाला. मुलीचा बाप ऐन लग्नाच्या सकाळी टांगा हाकत गेला आणि मी घागरींच्या रांगेसमोर उभा राहिलो. पोटात सहा पेले. कुठं जाऊन मोकळं व्हावं, हेही कळेना.

पाऊण तासानं घुंगरं वाजली. टांग्यात मागं आबा आडवे, एक हात टाक्यांवर. शेजारी आई, पदर खोचलेला, चेहरा असा की घोडीनंसुद्धा बिचकावं. मला वाटलं आबा आता बोलतील. दोन महिन्यांचं साठलेलं सगळं बोलतील. ते म्हणाले, "वर किती दिले?"

"चार... पाच."

"दुसरीला?"

"आठ."

"चिंचेला?"

"नऊ. अन् मशिदीमागं बारा."

आबांनी डोळे मिटले. ओठ हलले. ते बेरीज करत होते की मला शिव्या देत होते, सांगता येत नाही. मग म्हणाले, "टाकीत पाणी थोडंच उरलं असंल. वरचं सगळं बंद कर. चल."

"सगळं? आबा, त्यांचं अजून भरून झालं नसेल..."

"चल म्हणलं ना."

आणि मग ती वरात निघाली. पुढं मी, खांद्यावर चावी. मागं सजवलेल्या घोडीचा टांगा, त्यात माझे आईबाप. पहिला मुक्काम मशिदीमागं. चाचा ओट्यावरच होते. मी त्यांच्यासमोर वाकून झाकण उचललं आणि आटे उलटे फिरवू लागलो.

"अरे! अब्बी तो चाय पिये ना तुम?"

"हौ चाचा."

"दो कप!"

"हौ चाचा."

टांग्यातून आबांनी नुसता हात वर केला आणि म्हणाले, "शादी का घर है, खां साब." चाचा ओट्यावरून उठले. मग घरात तोंड करून ओरडले, "बादल्या हटाव, नल जारा!" बस. एवढंच. मला जे दोन कप पिऊन जमलं नाही, ते त्यांनी पडल्या पडल्या चार शब्दांत केलं.

चिंचेच्या गल्लीतली आजी कमरेवर हात ठेवून उभी होती. "गुणाचं म्हणलं व्हतं म्या तुला! माझं ताक काढ भाईर!"

"आजी, ते आता कसं..."

टांग्यातून आबा म्हणाले, "मावशे, ताकच पाजायचं व्हतं तर म्हशीला पाजायचं. तिनं तरी दूध दिलं असतं."

आजी पोट धरून हसली. गल्लीतल्या बायका हसल्या. टांगेवाला हसला. मी वॉल फिरवायचा थांबलो आणि मागं वळून पाहिलं. माझे आबा? हे? आईकडं पाहिलं, तर तीही तोंडाला पदर लावून बघत होती. तिलाही हे नवंच असावं, नाहीतर तिला हे पूर्वीपासून ठाऊक असावं. दोन्हींपैकी काय, ते तिच्या डोळ्यांवरून मला ओळखता आलं नाही.

दुसऱ्या गल्लीतल्या पोहेवाल्यांनी मला येताना पाहिलं. त्यांनी फक्त दार लावून घेतलं. आणि वरच्या गल्लीत काकू हातात पाइप घेऊन गुलाबांपाशी उभ्या होत्या. मी आटे फिरवत गेलो तशी त्यांच्या पाइपाची धार वाकत वाकत त्यांच्याच पायांवर आली. "आल्याचा केला होता मी," एवढंच त्या म्हणाल्या. त्या वेळी मला जे वाटलं त्यापेक्षा कानाखाली बसलेली परवडली असती.

आम्ही परत शेवटच्या गल्लीत आलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. नळ खाकरला. थुंकला. गढूळ तांबडं पाणी आलं, मग पांढरं, फेसाळ, आणि मग धार लागली. मनगटाएवढी नव्हे, करंगळीएवढी. पण धार. बायकांनी पहिली घागर डेगेत ओतली तेव्हा बावर्चीनं विडी विझवून कानावर ठेवली आणि बाह्या वर केल्या. जेवणं बाराची दोनवर गेली, हे पुढं कळलं. पण कुणी उपाशी गेलं नाही.

टांगेवाला घरात गेला आणि तबकात सरबताचे तीन ग्लास घेऊन आला. एक आईला दिला. दुसरा आबांसमोर धरला. आता आबा हात जोडणार, आणि नवरीच्या बापानं सकाळपासून जे सोसलं त्यावर हा शेवटचा घाव. मी पुढं होऊन सांगणारच होतो, की भाई, मनाला लावून घेऊ नका, जुनी माणसं आहेत.

आबांनी ग्लास घेतला. एका दमात संपवला. मिशा पुसल्या आणि म्हणाले, "और है क्या?"

टांगेवाला तबक धरून तसाच उभा राहिला. "मामू! पच्चीस साल में पहली बार!"

"आज रजेवर हाय म्या," आबा म्हणाले.

मी काहीच न कळून तिसऱ्या ग्लासाकडं हात नेला. आबांचा आवाज आला, "तू थांब. चावी कुणाच्या हातात हाय?"

चावी माझ्या हातात होती. पोटात सहा पेले होते, तहानेचा प्रश्नच नव्हता. पण तो ग्लास परत जाताना मला एकदम तहान लागली. माझा तो तिसरा ग्लास बावर्चीनं प्यायला.

परत येताना मी टांग्याशेजारून चालत होतो. सकाळपासून डोक्यात जे जे मोडून पडलं होतं त्यातलं काय कुठं बसवावं, कळेना. शेवटी आईलाच हळूच विचारलं, "मग त्या रात्री मी एवढा बोललो तेव्हा हे का नाही सांगितलं त्यांनी?"

"तू इचारलं होतंस का?" आई म्हणाली. "तू तर भाषण केलंस."

"पण मग गप्प का बसले? मला तसंच समजू दिलं? आई, मी त्यांना काय काय म्हणालो..."

आईनं आबांकडं बोट केलं. मी आबांकडं पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. ते झोपलेत, रागावलेत, की आतल्या आत माझी मजा घेतायत, मला काही समजेना. मी धीर करून म्हणालो, "आबा..."

डोळे न उघडता ते म्हणाले, "चिंचेच्या गल्लीतलं झाकण बसवलंस का?"

मी आठवू लागलो. आजी आठवली, ताक आठवलं, बायकांचं हसणं आठवलं. झाकण काही आठवेना. सकाळची शाळा सुटायची वेळ झाली होती आणि गल्लीच्या मधोमध ते भोक. मी चावी खांद्यावर टाकली आणि आलो त्या वाटेनं उलटा पळत सुटलो.